अलेफ-शेकेल, अलेफ-शेकेल: महशेवात आपली नावं अशी का दिसतात?



अज़कारांची यादी आपल्याला नवीन नाही. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजीची, कुठल्या हिब्रू तारखेला, ते या यादीत पाहूनच सिनेगॉगमध्ये हशकाबाची प्रार्थना म्हटली जाते. ही यादी पूर्वी वहीत असे. पुढे ती एका जुन्या महशेवात गेली, आणि आता तिला नव्या डेटाबेसमध्ये न्यायचं काम आम्ही हाती घेतलं आहे. (डेटाबेस म्हणजे खाने पाडलेली मोठी वहीच, फक्त तिच्यात शोधाशोध चटकन होते.) प्रत्येक माणसाचं नाव तीनदा आहे: हिब्रूत, मराठीत आणि इंग्रजीत. पहिल्या चाचणीत इंग्रजी नावं नीट आली. मराठीच्या खान्यात मात्र आलं ते असं: आधी अलेफ, मग शेकेलचं चिन्ह, मग काहीतरी तिसरंच. पुन्हा अलेफ, पुन्हा शेकेल, पुन्हा तिसरं. पानभर हेच. शेजारी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "हे नावांचं पुस्तक आहे की बँकेचं?"

असा गोंधळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जुनी फाइल उघडली, भारतातल्या नातेवाइकाने पत्त्यांची यादी पाठवली, किंवा जुन्या महशेवातला वंशवृक्ष नव्यात घेतला की हे होतं. पुष्कळ लोक तिथेच हात टेकतात आणि फाइल टाकून देतात. काही जण त्याहून वाईट करतात: दिसतो त्या कचऱ्यावरच हाताने दुरुस्ती करून फाइल साठवतात. म्हणून हा लेख. कचरा दिसला तरी नाव बहुतेक वेळा आत शाबूत असतं, आणि ते बाहेर काढता येतं. पण कुठला कचरा शाबूत आणि कुठला खरोखरच कचरा, हे आधी ओळखावं लागतं.

खोली नंबर २२४

महशेवाला अक्षरं कळत नाहीत, त्याला आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो आणि फाइलमध्ये नुसते नंबर साठवलेले असतात. मुंबईत राहिलेल्यांना चाळीचा दाखला पटेल. पत्रावर फक्त "खोली नंबर २२४" लिहिलं, चाळीचं नावच नाही. पोस्टमन काय करील? त्याला जी चाळ जवळची वाटेल तिथे जाईल आणि २२४ची कडी वाजवील. दार उघडेल ते भलत्याच माणसाचं.

महशेवात असंच आहे. विंडोजची हिब्रू चाळ आहे, तिचं नाव कोड पेज १२५५. तिथे २२४ नंबरला अलेफ राहतो. पश्चिम युरोपची चाळ १२५२, तिथे २२४ला डोक्यावर तिरकी रेघ असलेलं फ्रेंच "ए" राहतं. विंडोजच्या आधी डॉस होतं, त्याची हिब्रू चाळ ८६२. तिथे अलेफची खोली १२८. त्याच्याही आधी इस्रायलमध्ये एक पद्धत होती, तिच्यात इंग्रजी लहान अक्षरांना हुसकावून त्यांच्या जागी हिब्रू अक्षरं बसवली होती, तेव्हा अलेफ ९६मध्ये होता. म्हणजे एकाच अलेफने आयुष्यात तीन घरं बदलली. आपल्या लोकांना यात आश्चर्य वाटायला नको.

हिब्रू अक्षरं २२, आणि शब्दाच्या शेवटी येणारी पाच सोफीत रूपं, मिळून २७. डॉसमध्ये ती १२८ ते १५४, विंडोजमध्ये २२४ ते २५०. हे आकडे लिहून ठेवा. जुनी हिब्रू फाइल कुठल्या काळातली, ते यांच्यावरून ताबडतोब कळतं.

पुढे युनिकोड आलं. त्यात जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच मोठ्या वहीत कायमचे नंबर दिले. अलेफ १४८८, आपला "अ" २३०९. आता चाळ विचारायचं कारणच उरलं नाही, असं वाटेल. पण हे मोठे नंबर फाइलमध्ये लिहायचे कसे? महशेवाचा एक बाइट म्हणजे एक छोटी डबी, तिच्यात २५५च्या वरचा आकडा मावत नाही. म्हणून यूटीएफ-८ नावाची पद्धत निघाली. तिच्यात इंग्रजी अक्षर एका डबीत बसतं. हिब्रूला दोन डब्या लागतात आणि मराठीला तीन. हा पक्षपात नव्हे. २०४७पर्यंतचे नंबर दोन डब्यांत मावतात, आणि मराठीचा नंबर त्याच्या पुढे लागला, एवढंच.

आता अलेफ-शेकेलचं कोडं सुटतं. मराठी "म" यूटीएफ-८मध्ये लिहिला की तीन आकडे होतात: २२४, १६४, १७४. नवीन डेटाबेसला कुणी सांगितलं नाही की हे तिन्ही मिळून एक अक्षर आहे. त्याला वाटलं ही १२५५ची चाळ. २२४ला कोण? अलेफ. १६४ला कोण? शेकेलचं चिन्ह. १७४ला? दुकानाच्या नावापुढे येतं ते गोलातलं इंग्रजी "आर". झाला आपला "म" अलेफ-शेकेल-आर.

मराठीचं प्रत्येक अक्षर २२४नेच सुरू होतं. व्यंजनं, काना, पहिली वेलांटी यांचा दुसरा आकडा १६४, म्हणजे शेकेल. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडण्याची खूण यांचा दुसरा आकडा १६५, आणि १२५५च्या चाळीत १६५ला जपानी येनचं चिन्ह राहतं. तेव्हा पडद्यावर अलेफ-शेकेल आणि मधूनच अलेफ-येन दिसलं, तर घाबरू नका. आतलं मराठी बहुधा ठीक आहे.

हिब्रूची खूण वेगळी. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक हिब्रू अक्षर २१५ने सुरू होतं. ते १२५५ म्हणून वाचलं तर दर एक चिन्ह सोडून गेरेश दिसतो. १२५२ म्हणून वाचलं तर गुणाकाराची फुली. फुल्याच फुल्या दिसल्या तर ते हिब्रू आहे, असं समजा.

चार दुखणी

डॉक्टर जसा आधी जीभ बघतो, तसं आधी पडद्यावर नेमकं काय दिसतं ते बघावं.

रिकामे चौकोन दिसले तर काळजी नाही. त्या महशेवावर मराठी टंक नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या महशेवावर किंवा फोनवर तीच फाइल उघडा.

अलेफ-शेकेल, फुल्या, किंवा टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं दिसली, तर चाळ चुकली आहे. आकडे शाबूत आहेत, योग्य चाळ सांगितली की नावं परत येतात.

काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं तर सावध व्हा. महशेव म्हणतो आहे, "हे आकडे मला जुळवता येत नाहीत." नुसतं दिसत असेल तर मूळ फाइल अजून चांगली असू शकते. त्याच अवस्थेत साठवलंत तर ते चिन्हच नावाच्या जागी कायमचं बसतं.

आणि साधी प्रश्नचिन्हं, एकापुढे एक, "?????" अशी. हे सर्वांत वाईट. जिथे मराठीला जागाच नाही अशा चाळीत महशेवाने नाव कोंबायचा प्रयत्न केला, खोली मिळाली नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी "?" लिहून मोकळा झाला. आता फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हाचा नंबर आहे, ६३. त्यातून कुठलाही हुशार नातू नाव काढू शकणार नाही. मागच्या प्रतीकडे किंवा कागदाकडेच जावं लागतं.

म्हणून पहिला नियम असा: मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची, प्रतीवर काय ते प्रयोग करायचे. आमच्या कामात मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे आणि तिच्यावर "उघडू नका" असं मराठीत, हिब्रूत लिहिलं आहे.

फाइल, निरोप्या आणि तक्ता

एका डेटाबेसमधून दुसऱ्यात माहिती नेताना तीन जागी चाळीचं नाव सांगावं लागतं. जुन्यातून काढलेली फाइल कुठल्या चाळीतली आहे? दोघांच्या मधला निरोप्या, ज्याला जाणकार कनेक्शन म्हणतात, तो काय समजून ती वाचतो? आणि नवीन तक्त्याच्या खान्यांना कुठली चाळ नेमून दिली आहे? तिघांचं एकमत असेल तर नाव नीट पोचतं. बहुतेक भांडणं मधल्या निरोप्याची असतात, कारण त्याला काही सांगायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. न सांगितल्यास तो आपल्या मनाचं धरून चालतो.

मायएसक्यूएल नावाचा जो फुकट मिळणारा डेटाबेस आहे, त्याचा जन्म स्वीडनमधला. २०१८ साली त्याची ८.० आवृत्ती येईपर्यंत, तुम्ही काही सांगितलं नाही तर तो सगळं पश्चिम युरोपच्या चाळीतलं धरायचा, आणि नावांचा क्रमही स्वीडिश पद्धतीने लावायचा. आता गंमत बघा. मराठी नावं चुकीच्या चाळीचं नाव सांगून आत टाकली आणि तेच चुकीचं नाव सांगून बाहेर काढली, तर दोन चुका एकमेकींना खातात आणि पडद्यावर सगळं सुरेख दिसतं. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. नव्या डेटाबेसमध्ये नेताना एक बाजू बरोबर सांगितली जाते आणि मग गोंधळ उघडा पडतो. लोक म्हणतात नवीन महशेव खराब. तो बिचारा खरं तेच दाखवतो आहे.

असं दुहेरी बिघडलेलं नाव सोडवताना उलट्या क्रमाने जायचं. बूट आधी, मोजे नंतर. पडद्यावरच्या चिन्हांना १२५५चे नंबर परत द्यायचे: अलेफ २२४, शेकेल १६४, गोलातला आर १७४. मग ते तीन आकडे यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. "म" परत येतो. ज्या मुलांना शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवतात त्यांना हे दोन ओळींचं काम आहे.

घरी नुसत्या यादीसाठी एक्सेल वापरणाऱ्यांना एक सूचना. स्वल्पविरामांची फाइल, म्हणजे सीएसव्ही, डबल-क्लिक करून उघडू नका. आधी रिकामं पान उघडा, मग डेटाच्या मेन्यूतून फाइल आत घ्या आणि चाळ विचारली की "६५००१ युनिकोड यूटीएफ-८" निवडा. साठवताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच प्रकार घ्या. निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

रिकाम्या खोल्या

दुहेरी बिघाडात एक खरी हानी होते. १२५५च्या चाळीत काही खोल्या रिकाम्या आहेत, तिथे कुणीच राहत नाही. आकडा तिथे गेला तर काही प्रोग्रॅम तो गुपचूप पुढे देतात, पण काही प्रोग्रॅम "इथे कोणी नाही" म्हणून त्या जागी "?" टाकतात. कोणती मराठी अक्षरं या रिकाम्या खोल्यांवर आपटतात, ते आम्ही आकडे मांडून पाहिलं. ऊ, ए, ऐ, च, ज, झ, ञ, ट. शिवाय पहिला उकार, औकार, आणि पाय मोडण्याची खूण. बाकीची अक्षरं वाचतात. म्हणजे "पेणकर" सुखरूप पोचतो, "दिवेकर" पोचतो. पण "झिराडकर"चा झ जातो. "अष्टमकर"मधला मोडलेला पाय आणि ट, दोन्ही जातात. "जेकब"चा ज जातो. आणि एलियाहूचा ए! ज्याच्या नावाने आपण मलिद्याचं ताट भरतो त्याचंच पहिलं अक्षर गायब.

पण नाव पूर्ण गेलेलं नसतं. मुलांनो, हे कोडं तुमच्यासाठी. तीन आकड्यांपैकी फक्त तिसरा गेलेला असतो, पहिले दोन राहतात. अलेफ-शेकेल आणि पुढे भोक असेल तर हरवलेलं अक्षर ऊ, ए, ऐ, च, ज, झ, ञ, ट यांतलंच धरा. अलेफ-येन आणि पुढे भोक असेल तर पहिला उकार, औकार किंवा मोडलेला पाय. आता हे वाचा: शेकेलचं भोक, मग "िराडकर". चिराडकर? जिराडकर? झिराडकर? टिराडकर? महशेवाला चारही सारखेच. पण अलिबागजवळचं झिराड ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारायची गरज नाही. "अष", मग येनचं भोक, मग शेकेलचं भोक, मग "मकर" हे आम्ही एका आजोबांना वाचून दाखवलं. "अष" म्हटल्याबरोबर ते उरलेलं नाव बोलून गेले.

पुरीमचा वेष

काही जुन्या मराठी याद्यांचं दुखणं अगदी निराळं आहे आणि तिथे चाळ बदलून काही होत नाही. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी मराठी टायपिंगसाठी श्री-लिपी, शिवाजी, किरण असे टंक वापरत. त्यांची युक्ती अशी की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच राहायची, फक्त टंकाने त्यांना मराठी मुखवटा चढवलेला असायचा. पुरीमला मुलं एस्तेर राणी आणि मोर्दखायचा वेष घेतात तसं. टंक काढला की मुखवटा गळून पडतो आणि आतलं इंग्रजी दिसतं. आकडे बिघडलेले नाहीत, मुळातच ते इंग्रजीचे आहेत.

अशा फाइलसाठी त्या त्या टंकाचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम लागतो. एका टंकाचे मुखवटे दुसऱ्याला बसत नाहीत. एकात "क" ज्या कळीवर आहे तिथे दुसऱ्यात दुसरंच काही असतं. तेव्हा जुन्या फाइलबरोबर तिचा टंकही जपून ठेवा. टंकाचं नाव तरी कागदावर लिहून ठेवा. नाव माहीत असेल तर एका संध्याकाळीत होणारं काम, नाव माहीत नसेल तर महिनाभर अक्षर-अक्षर ताडून बघत बसावं लागतं.

रूपांतर झाल्यावरही दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून पाहाव्या लागतात. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, जशी आपण बोलतो तशी. कच्चा प्रोग्रॅम क्रम बदलत नाही, आणि "मलिदा"चा "मिलदा" होतो, "नहमिया"चा "नहिमया". रफाराचं याच्या उलट. जुन्या टंकात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे "मोर्दखाय"चा "मोदर्खाय" झालेला सापडतो. महशेवाला यात काही गैर वाटत नाही. त्याच्या दृष्टीने मिलदा हाही शब्दच.

उलटी हिब्रू आणि दोन रेघा

हिब्रूच्या खान्यात वेगळाच प्रकार सापडला. डॉसच्या काळात महशेवाला उजवीकडून डावीकडे लिहिता येत नसे, म्हणून पुष्कळ ठिकाणी नाव उलटंच साठवत, म्हणजे पडद्यावर सुलटं दिसायचं. आता नवीन महशेव स्वतःच उजवीकडून लिहितो आणि ते नाव उलटं होतं. ओळखायची सोपी खूण आहे: सोफीत अक्षरं. अंत्य मेम किंवा अंत्य नून नावाच्या सुरुवातीला दिसली की ती ओळ उलटी आहे. शिमोन, बिन्यामीन, अव्राहाम अशा नावांत हे लगेच कळतं. मोशेच्या नावात कळत नाही, तेव्हा एकच नाव पाहून ठरवू नये.

यात खरी भीती आकड्यांची. पूर्ण ओळ उलटी केली तर तिच्यातले आकडेही उलटतात. १९५३चं ३५९१ झालं तर कुणीही हसेल आणि दुरुस्त करील. पण १२ तारखेची २१ झाली तर? दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. अज़कारा नऊ दिवस पुढे जाते आणि कुणाला कळतही नाही. कचरा दिसतो तरी, ही चूक दिसतच नाही. म्हणून तारखांचा खाना आम्ही उलटवत नाही, वेगळा काढून वहीशी ताडून पाहतो.

दिवंगताच्या नावापुढे आपण झायिन आणि लामेद लिहितो, मध्ये दोन छोट्या रेघा, म्हणजे "झिखरोनो लिव्राखा". त्या रेघांना गेर्शायिम म्हणतात. टाइप करताना लोक तिथे इंग्रजी अवतरणचिन्ह टाकतात. आणि सीएसव्ही फाइलमध्ये अवतरणचिन्हाला भलताच अर्थ आहे: "इथून मजकूर सुरू, पुढचं चिन्ह येईपर्यंत थांबू नको." काही प्रोग्रॅम मग स्वल्पविरामही गिळतात, पुढची ओळही गिळतात, आणि एका आजोबांच्या खान्यात दुसऱ्याच आजींचा पत्ता येतो. जिवंत माणसांच्या ओळी ठीक, बिघाड नेमका गेलेल्यांच्या ओळीत. उपाय असा की फाइल काढण्याआधी त्या जागी खरं गेर्शायिमचं चिन्ह घालावं. युनिकोडमध्ये त्याचा स्वतंत्र नंबर आहे, १५२४. तारखेतल्या हिब्रू वर्षातही हीच चिन्हं असतात, ती विसरू नयेत.

आपल्या लोकांना दोन दिशांच्या लिप्या एका पानावर बसवायची सवय जुनी आहे. १८४६ साली मुंबईत मराठी अनुवादासह हग्गादा छापली गेली ती शिळाप्रेसवर. हाताने लिहिलेलं जसंच्या तसं दगडावरून उतरलं. त्यात चाळी नाहीत, नंबर नाहीत, म्हणून बिघडायला काही नाही. हाच विचार करून आम्ही यादीच्या प्रत्येक पानाचा फोटोही ठेवतो. फोटोत शोधता येत नाही, पण फोटोला अलेफ-शेकेल होत नाही.

"कर" कुठे गेला?

आणखी एक लहान पण चीड आणणारी गोष्ट. जुन्या तक्त्यात शेम मिश्पाहासाठी २० जागा ठेवल्या होत्या. इंग्रजीला त्या पुरतात. पण काही डेटाबेस जागा मोजतात त्या अक्षरांच्या नव्हे, डब्यांच्या. "नवगांवकर" लिहायला काना आणि अनुस्वार धरून आठ चिन्हं लागतात, म्हणजे २४ डब्या. २० डब्यांत सहा चिन्हं पूर्ण बसतात आणि सातव्याच्या दोन डब्या. काही डेटाबेस अशा वेळी सरळ नकार देतात, ते बरं. काही जण न बोलता कापतात, आणि उरतं "नवगांव" आणि पुढे ते काळं चौकटीतलं प्रश्नचिन्ह. माणूस गेला, गाव राहिलं! मराठी नावांना इंग्रजीच्या तिप्पट जागा द्यावी, त्यात कंजूसपणा करू नये.

जुळी नावंही सापडतात. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक "अ" लिहून त्यावर वेगळा चंद्र काढत. डोळ्यांना दोन्ही सारखे, महशेवाला दोन वेगळे. म्हणून "ॲशर" शोधलं तर अर्धेच ॲशर सापडतात. हिब्रू नावात कधी दिशा सांगणारं न दिसणारं चिन्ह अडकलेलं असतं, मग एकच माणूस यादीत दोनदा येतो. अशी चिन्हं एकदा सगळीकडून साफ करून घ्यावीत.

नवीन काही हलवण्याआधी आम्ही आता एक चाचणीची ओळ पाठवतो. तिच्यात एकाच माणसाचं बनावट नाव आहे: इंग्रजीत, हिब्रूत सोफीत अक्षरासह आणि गेर्शायिमसह, मराठीत पहिली वेलांटी, रफार, झ, ट, ॲ आणि एक जोडाक्षर घालून. शेवटी १२ तारीख. ही ओळ नव्या डेटाबेसमध्ये जाऊन परत जशीच्या तशी आली, तरच बाकीची यादी पुढे जाते. नाही तर नाही. मग ओळी मोजतो, प्रत्येक खान्यात "?" शोधतो, आणि प्रत्येक गावाच्या आडनावांतलं निदान एक नाव डोळ्यांनी वाचतो.

अजून काही नावं अडकलेली आहेत. ज्यांत भोकं पडली ती मोठ्या अक्षरांत छापून सिनेगॉगच्या दालनात लावली आहेत, शेजारी पेन्सिल बांधली आहे. ओळखू आलं तर अक्षर भरा आणि खाली तुमचं नाव लिहा, म्हणजे विचारता येईल. ज्यांत नुसती प्रश्नचिन्हंच उरली आहेत, त्यांच्यासाठी घरातली कागदं लागतील: जुनी वही, लग्नाची केतुबा, कबरीवरच्या दगडाचा फोटो. दगडाचा फोटो काढताना तारखेची ओळ पूर्ण यावी, आणि ऊन बाजूने पडत असेल अशा वेळी काढावा, कोरलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. घरात जुन्या फ्लॉपी असतील तर त्या फेकू नका, आणि उघडायचा प्रयत्नही करू नका. कुठल्या टंकात टाइप केलं होतं ते आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून फ्लॉपीला चिकटवा आणि तशाच घेऊन या.